कादंबरीमालेसाठी भाषा घडवताना: शब्द थोडे, नियम पक्के

कादंबरीच्या पहिल्या भागात दहा-बारा नावं, एखादी शपथ आणि एक शिवी घडवली की काम भागतं. गाडी अडते ती तिसऱ्या भागात. पहिल्या भागातली गावं एका धाटणीची, तिसऱ्यातली भलत्याच. एका प्रकरणात अनेकवचन एका प्रत्ययाने होतं, दुसऱ्यात दुसऱ्याच. आधी शिवी म्हणून आलेला शब्द पुढे नदीचं नाव होऊन बसतो. मालिका वाचणारा वाचक मागचे भाग पुन्हा काढून बघतो, त्यामुळे यातलं काही लपत नाही.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लेखक शब्द बनवत जातो आणि यादी वाढवत जातो. मालिकेसाठी उलटं करावं लागतं. मूळ शब्द मोजके ठेवायचे, ध्वनी कसे बदलतात याचे दोन-चार नियम ठरवायचे आणि बाकीचे शब्द त्या नियमांतून पाडायचे. नियम हाताशी असला की पाचव्या भागातलं गाव पहिल्या भागातल्या गावाच्या शेजारचंच वाटतं.

नियम कसा दिसतो

नाशिकच्या लेखकाला हे बघायला फार लांब जावं लागत नाही. पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातला उषवदाताचा (क्षत्रप नहपानाच्या जावयाचा) लेख डोंगराला ‘त्रिरश्मी’ म्हणतो, तर तिसऱ्या लेण्यातल्या सातवाहनांच्या लेखांत तोच डोंगर ‘तिरण्हु’ आहे. तिथेच सातवाहन राजा ‘गोवधन’च्या ‘अमच’ ‘विण्हुपालित’ याला आज्ञा देतो. म्हणजे गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित. ‘पर्वत’ हा शब्दही ‘पवत’ असा येतो. गोवर्धन-गोवधन आणि पर्वत-पवत या जोड्या शेजारी ठेवल्या की नियम दिसतो: व्यंजनाआधीचा र जातो आणि पुढचं व्यंजन दुप्पट होतं. त्या काळच्या ब्राह्मीत दुप्पट व्यंजन लिहायची पद्धत नसल्याने ते एकेरी दिसतं, एवढंच.

पुढे मराठीने याच्यावर दुसरा नियम चढवला. दुप्पट व्यंजन एकेरी झालं आणि त्याआधीचा स्वर लांबला. सर्प, सप्प, साप. कर्म, कम्म, काम. कर्ण, कण्ण, कान. दोन नियम, आणि शेकडो शब्द त्यांतून बाहेर पडले. कल्पित भाषेला खरेपण येतं ते अशा नियमितपणामुळे. क्वेन्या आणि सिंदारिन या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कार टोल्किनच्या दोन प्रसिद्ध भाषा एकाच कल्पित पूर्वज भाषेतून अशाच ध्वनिबदलांनी उतरवलेल्या आहेत.

उषवदाताच्या लेखात आणखी एक गंमत आहे. ‘गोवर्धने त्रिरश्मिषु पर्वतेषु’ असं संस्कृत वळण चालू असताना त्याच वाक्यात ‘इदं लेणं कारितं’ येतं. ‘लेणं’ आपण आजही म्हणतो. म्हणजे जुना आणि रोजचा असे दोन थर एकाच दगडावर, एकाच वाक्यात नांदतात. याचा उपयोग पुढे करू.

ध्वनी आणि त्यांचं लेखन

आता एक भाषा उभी करू. समजा, मालिकेत एक नदी आहे. वर घाटात डोंगरी लोक, खाली सपाटीला खोऱ्यातले लोक आणि दोघांची पूर्वज भाषा एकच. व्यंजनं बारा घेऊ: प, त, क, ब, द, ग, म, न, स, ल, र, य. स्वर पाच: आ, इ, उ, ए, ओ. पूर्वज भाषेत प्रत्येक अक्षर एक व्यंजन आणि एक स्वर. म्हणजे अक्षरं साठ, दोन अक्षरी शक्य शब्द ३६०० आणि तीन अक्षरी २,१६,०००. मराठी कानाला वाटतं बारा व्यंजनं म्हणजे अगदीच तुटपुंजी. प्रत्यक्षात उलट होतं. घ, झ, ठ, ढ, क्ष सगळं एकदम घेतलं तर भाषेला चेहराच राहत नाही. कोणते ध्वनी नाहीत, यावरून भाषा ओळखू येते. वरच्या यादीत च आणि ज मुद्दाम नाहीत, कारण मराठीत त्यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’तला च की ‘चहा’तला, हे अनोळखी शब्दात वाचकाला कळायचा मार्ग नाही.

स्वरांत ‘अ’ नाही, तेही जाणूनबुजून. देवनागरीत ‘कमल’ लिहिलं की म पूर्ण आणि ल अर्धवट हे आपण सवयीने ओळखतो. ‘तरसन’ असा कल्पित शब्द लिहिला तर कोणी तर-सन वाचेल, कोणी त-रसन. ‘अ’ भाषेतून काढून टाकला की प्रश्नच मिटतो: काना-मात्रा नसलेलं प्रत्येक व्यंजन पायमोडकं समजायचं.

ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र आधीच ठरवा. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो. तुम्ही ‘नुकेति’ लिहिलंत तर मुद्रितशोधक चुकीचं समजून अर्ध्या ठिकाणी ‘नुकेती’ करेल आणि अर्ध्या ठिकाणी विसरेल. कल्पित भाषेत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नसेल तर मराठीचाच नियम पाळावा आणि शेवट दीर्घ लिहावा. इथे तसंच केलं आहे.

मूळ शब्द आणि नियमांचा क्रम

सुरुवातीला ऐंशी-नव्वद मूळ शब्द पुरतात. पाणी, नदी, डोंगर, दगड, झाड, रान, वाट, वस्ती, माणूस, देव. लहान-मोठा, जुना-नवा, वर-खाली. एक ते दहा अंक. येणं, जाणं, देणं, मरणं. शब्द बनवताना सगळे ध्वनी सारख्या प्रमाणात वापरू नका. एक-दोन लाडके ठेवा, एक-दोन दुर्मिळ. चिठ्ठ्या टाकून काढलेल्या अक्षरांचे शब्द बेचव निघतात.

आपल्या पूर्वज भाषेतले पाच शब्द घेऊ: तोके म्हणजे नदी, येलापा म्हणजे डोंगर, नुकेती म्हणजे माणूस, रुदाको म्हणजे दगड आणि सोरू म्हणजे वस्ती.

खोऱ्यातल्या भाषेचे दोन नियम. पहिला: दोन स्वरांमध्ये सापडलेले प, त, क अनुक्रमे ब, द, ग होतात. दुसरा: शब्द तीन किंवा जास्त अक्षरी असेल तर शेवटचा स्वर गळतो.

डोंगरी भाषेचेही दोन. पहिला: तीन किंवा जास्त अक्षरी शब्दात दुसऱ्या अक्षराचा स्वर गळतो. दुसरा: त्यामुळे प, त, क, ब, द, ग यांतली दोन व्यंजनं शेजारी आली तर पहिलं दुसऱ्यासारखं होतं.

आता शब्द फिरवून बघा. पूर्वज रूप, मग खोऱ्यातलं, मग डोंगरी:

तोके – तोगे – तोके
येलापा – येलाब – येलपा
नुकेती – नुगेद – नुत्ती
रुदाको – रुदाग – रुक्को

नुगेद आणि नुत्ती एकाच शब्दाची लेकरं आहेत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही, सांगितल्यावर मात्र पटेल. इतपत अंतर हवं. खोऱ्यातली भाषा मऊ झाली, डोंगरातली खडबडीत. पात्राने तोंड उघडलं की ते नदीच्या कुठल्या टोकाचं हे वाचकाला दुसऱ्या-तिसऱ्या संवादापासून कळू लागतं.

क्रम चुकला की सगळं बिघडतं, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. खोऱ्यातला दुसरा नियम आधी लावला तर येलापाचं येलाप होतं. आता प दोन स्वरांमध्ये नाही, म्हणून तो बदलत नाही. नुकेतीचं नुकेत आणि मग नुगेत. येलाब-नुगेदच्या ऐवजी येलाप-नुगेत. दोन्ही भाषा शक्य आहेत, पण एका पुस्तकात एकच चालेल. नियम वहीच्या पहिल्या पानावर आकड्यांसह लिहा आणि प्रत्येक नवा शब्द त्याच क्रमाने फिरवा. मनातल्या मनात फिरवू नका. मधली पायरी कागदावर दिसली पाहिजे.

गावांच्या नावांना हाच कारखाना लावा. नदीकाठची वस्ती म्हणजे तोकेसोरू. खोऱ्यात तिचं तोगेसोर झालं, डोंगरी लोक तिला तोकसोरू म्हणतात. पहिल्या भागाच्या नकाशात तोगेसोर छापा. तिसऱ्या भागात जुन्या शिलालेखावर ‘तोकेसोरू’ सापडू द्या आणि लेखकाने तिथे एक अक्षरही स्पष्टीकरण देऊ नये. मागचे दोन भाग वाचलेला वाचक स्वतः जोडून घेतो, आणि मालिका वाचण्यातली अर्धी मजा तीच. नकाशा भरायला वस्तीदर्शक शेवट चार-पाचच असावेत. नाशिक जिल्ह्याच्या नकाशातही मालेगाव-नांदगाव-पिंपळगाव असं ‘गाव’ पुन्हा पुन्हा येतं, मध्येच चांदवड, इगतपुरी. पुनरावृत्तीनेच नकाशा खरा वाटतो. प्रत्येक गावाला अनोखं नाव दिलं की तो बनावट दिसतो.

आता तो दगडावरचा दुसरा थर. मराठीत आग आहे आणि अग्नीही आहे, काम आहे आणि कर्मही. एक रूप जिभेवर झिजत आलं, दुसरं ग्रंथातून तसंच्या तसं उचललं. कल्पित भाषेतही तेच करा. बाजारात ‘येलाब’, पण पुजाऱ्याच्या मंत्रात आणि राजाच्या फर्मानात ‘येलापा’. तत्सम-तद्भव शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला हे समजावूनही सांगावं लागत नाही. नवीन शब्द न बनवता भाषेत देऊळ-दरबाराचा एक आणि बाजाराचा एक असे दोन स्तर तयार होतात.

व्याकरण: मुखवटा घातलेली मराठी टाळा

इथे सावध राहावं लागतं. शब्द नवे आणि खाली वाक्य मराठी, हा सगळ्यात सामान्य दोष. ‘मला राग आला’ या वाक्याचे तीन शब्द बदलून टाकले की झाली नवी भाषा, असं वाटतं. पण ‘मला’ लागणं आणि राग ‘येणं’ ही मराठीची घडण आहे. दुसऱ्या भाषेत माणूस रागावतो, तिसरीत त्याच्याजवळ राग असतो. तीच गोष्ट ‘त्याने आंबा खाल्ला, त्याने भाकरी खाल्ली’ची. भूतकाळात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की नकळत कल्पित भाषेतही उतरतं.

सगळंच बदलायला जाऊ नका. दोन-तीन गोष्टी ठरवून वेगळ्या करा आणि त्यांना चिकटून राहा. पहिली म्हणजे शब्दक्रम. मराठीत कर्ता, कर्म, क्रियापद. वेल्शमध्ये क्रियापद आधी येतं. मार्क ओक्रांडने ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांच्या क्लिंगॉन भाषेसाठी कर्म, क्रियापद, कर्ता असा क्रम घेतला. जगात तो फार थोड्या भाषांत सापडतो, म्हणून ती परक्या ग्रहावरची वाटते. आपली दोन्ही भावंडं माणसांची आहेत, तेव्हा क्रियापद आधी एवढं पुरे.

दुसरी गोष्ट कथेला उपयोगी पडेल अशी निवडा. तुर्कीत डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेसाठी ‘गेल्दी’ आणि ऐकीव किंवा मागाहून कळलेल्या घटनेसाठी ‘गेल्मिश’ अशी ‘आला’ची दोन रूपं आहेत. मराठीत हे काम ‘म्हणे’ करतं: ‘तो आला म्हणे.’ पण ‘म्हणे’ गाळता येतं, प्रत्यय गाळता येत नाही. आपल्या भाषेत पाहिल्याचा प्रत्यय ‘ले’ आणि ऐकल्याचा ‘री’ घेऊ. ‘लोमे’ म्हणजे येणं. पूर्वज रूपं लोमेले आणि लोमेरी. नियमांतून फिरवली की खोऱ्यात लोमेल आणि लोमेर, डोंगरात लोमले आणि लोमरी.

लोमेल नुगेद: माणूस आला, मी पाहिलं.
लोमेर नुगेद: माणूस आला म्हणे.

आता साक्षीदार न्यायसभेत ‘लोमेर’ म्हणायच्या ऐवजी ‘लोमेल’ म्हणाला तर ती खोटी साक्ष झाली. एका अक्षरावर अख्खं प्रकरण उभं राहतं. एवढं काम देणारा नियम असेल तरच तो व्याकरणात ठेवा. पाच विभक्त्या आणि चार लिंगं बनवून त्यांचा एकदाही उपयोग झाला नाही तर ती मेहनत वाया गेली.

आपल्याकडचं एक धनही विसरू नका. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरक इंग्रजीत नाही. समोरच्याला धरून की वगळून, हे सर्वनामातच सांगता येतं. तह, फितुरी, लग्नाची बोलणी, सगळीकडे कामाचं. तसंच मोजणीचं. खेड्यात जुनी माणसं साठाला तीन विसा म्हणत, ती वीसची मोजणी कल्पित बाजाराला झक्क शोभते.

मराठी निवेदनात शब्द बसवणं

कल्पित शब्दाला मराठीचे प्रत्यय लागणार आहेत, ही गोष्ट इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सापडत नाही, कारण त्यांना ती अडचणच नाही. आपल्याला शब्द जन्मताच लिंग ठरवावं लागतं. येवला पुल्लिंगी, म्हणून येवल्याला. गिरणा नदी, स्त्रीलिंगी, म्हणून गिरणेला. दोन्ही आकारान्त, पण सामान्यरूप निराळं. मग ‘येलपा’ या डोंगराचं काय? येलप्यावर की येलपावर? दोन्ही चालतील, पण पहिल्या भागात एक आणि चौथ्यात दुसरं चालणार नाही. इथे एक सोपा दंडक पाळावा: भौगोलिक नावांचं सामान्यरूप करावं, माणसांच्या नावांचं करू नये. व्यंजनान्त नावांत थोडी मोकळीक राहू द्या. आपणही ‘नाशिकला’ म्हणतो आणि ‘नाशकात’ही. नदी ‘तोगे’ स्त्रीलिंगीच ठेवा, म्हणजे ‘तोगेला’ होईल. ती नपुंसकलिंगी धरली तर ‘तळे, तळ्याला’च्या चालीवर ‘तोग्याला’ होईल आणि मूळ शब्द ओळखू येणार नाही.

शब्द पक्का करण्याआधी तो मोठ्याने म्हणा. पावसासाठी ‘लुतेमा’ सुचला तर कुत्र्याची लूत आठवते. डोंगराला ‘मेलापा’ म्हटलं की पहिल्या दोन अक्षरांतच मेला. ‘मिसले’ असं क्रियापद नाशिकच्या वाचकाला थेट मिसळीकडे नेतं. हिंदी आणि अहिराणीतही एकदा तपासा; शिवी नको त्या ठिकाणी निघते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) शोधलं तर कितीतरी ‘नवे’ शब्द जुनेच निघतात. शेवटी दोन माणसांना काही न सांगता पान वाचायला द्या. दोघांचा उच्चार वेगळा आला तर दोष लेखनात आहे, वाचणाऱ्यांत नाही.

जिल्ह्यातल्या बोली कान तयार करायला उत्तम आहेत. नाशिकहून सटाण्याकडे गेलं की ‘मला’चं ‘माले’ आणि ‘माझा’चं ‘मना’ होतं. सुरगाणा-पेठकडे कोकणा ही आदिवासी बोली ऐकू येते. भाषा गावागणिक कशी सरकते हे तिथे कळतं. पण त्या बोलींचे शब्द उचलून कादंबरीतल्या राक्षसांच्या किंवा रानटी टोळीच्या तोंडी घालू नका. कळवण-बागलाणचा वाचक ते तत्काळ ओळखेल आणि त्याला राग येईल तो रास्तच असेल. सरकण्याची रीत घ्या, शब्द नकोत.

किती पुरे

फक्त नावांसाठी ऐंशी-नव्वद मूळ शब्द आणि चार नियम पुरतात. म्हणी, शपथा, प्रार्थनेच्या ओळी हव्या असतील तर दोनशेच्या आसपास शब्द लागतात. पात्रांनी पानभर संभाषण करावं असा हट्ट असेल तर हजाराच्या घरात जावं लागतं. झामेनहॉफने १८८७ मध्ये एस्पेरांतो जगापुढे ठेवली तेव्हा सोळा नियम आणि नऊशेच्या आसपास धातू होते, आणि ती तर लोकांनी खरोखर बोलावी म्हणून केलेली भाषा. कादंबरीला त्याच्या पाव हिश्शातही भागतं.

पानावर तर आणखी कमी. एका पानावर नवा शब्द एक, फार तर दोन. आणि तो पुढच्या दहा-बारा पानांत दोनदा तरी परत यावा, नाहीतर वाचक तो सोडून देतो. भाकरीला भाकरीच म्हणा. ज्या वस्तूला मराठीत शब्द आहे तिला कल्पित नाव देऊन गोष्ट परकी होत नाही, फक्त वाचन अडखळतं. स्वतंत्र लिपीच्या फंदात पडू नका. मुखपृष्ठावर चार अक्षरं रेखाटून मिळतात तेवढी पुरेत.

नोंदवही स्प्रेडशीटमध्ये ठेवा. रकाने असे: क्रमांक, पूर्वज रूप, खोऱ्यातलं रूप, डोंगरी रूप, अर्थ, मराठीतलं लिंग, सामान्यरूप, पहिल्यांदा कुठल्या भागात नि प्रकरणात आला, कोण म्हणतं. भाग छापून झाला की त्यातले शब्द रंगवून कुलूपबंद करायचे. त्यांना पुन्हा हात लावायचा नाही. यातूनच दीड-दोन पानांचा तक्ता काढून मुद्रितशोधकाला आणि ऑडिओबुक वाचणाऱ्याला द्या. वाचणाऱ्यासाठी आघात कुठे द्यायचा हेही लिहा. आपल्या भाषेत पहिल्या अक्षरावर.

एवढं करूनही छापील पुस्तकात एखादं ‘नुगेत’ सुटेलच. ते बोलणारं पात्र दूरच्या खेड्यातलं असेल तर पुढच्या भागात त्याच्या गावाला नियमांचा उलटा क्रम देऊन टाका: आधी शेवटचा स्वर गळतो, मग व्यंजन मऊ होतं. आता त्या गावात सगळेच येलाप आणि नुगेत म्हणतील आणि चूक पोटबोली होऊन जाईल. पण ही सवलत अख्ख्या मालिकेत एकदाच घ्या, आणि ते पात्र राजधानीतलं असेल तर सरळ पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करा.